पाणमांजराचा दुसरा साक्षीदार

आमचे साडू पाणीपुरवठा खात्यात पंप चालवायचे. निवृत्त झाल्यावर नदीकाठ चालवू लागले. काठावरच्या पशुपक्ष्यांची त्यांनी एक वही केली आहे. तीत एकशे तेरा नावं आहेत, आणि एकशे चौदावं पाणमांजराचं असावं म्हणून अकरा वर्षं ते रोज सकाळी नदी गाठतात. इथे पाणमांजर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक. पाणमांजराला कुणी अजून कळवलेलं नाही, असं मी जेवताना अधूनमधून म्हणत असे.

वहीचा नियम एकच, तोही त्यांनीच केलेला: जनावर दोघांनी पाहिलं तरच नोंद. एका दातांच्या डॉक्टरांनी कळवलेली मगर जुना टायर निघाली, तेव्हापासूनचा.

परवा ते कायमचे लेकीकडे निघाले होते, सातव्या मजल्यावर. सामानाचा ट्रक नऊला यायचा होता. सातला साडू माझ्या दारात.

"साडूभाऊ, शेवटची सकाळ. चला."

"तिकडे गॅलरीतून काही दिसेलच की."

"दिसेल. समोरचा सातवा मजला."

थंडी सरत आली होती, म्हणजे स्वेटर घातला की उकडत होतं आणि काढला की शिंका. झाडांना तांबूस पालवी फुटली होती. फांदीवर एक खंड्या चोचीत मासा धरून बसला होता.

"माशाचं डोकं बाहेरच्या बाजूला आहे," साडू कुजबुजले. "म्हणजे स्वतः खाणार नाही. बायकोला भरवायला नेतोय. हे दिवसच तसले."

"स्वतःसाठी असता तर?"

"उलटा धरला असता."

मी साठी ओलांडली, पण मासा कुणाकडे तोंड करून धरावा याचा कधी विचार केला नव्हता.

पुढे एका सपाट दगडापाशी साडू गुडघ्यांवर बसले. दगडावर काळपट विष्ठा होती. तीत माशाचे खवले, खेकड्याच्या कवचाचे तुकडे.

"ताजी आहे! वास घ्या."

"तुम्ही घ्या. मान तुमचा."

ते नाक खुपसून वाकले, आणि त्यांच्या पाठीमागे, दहा हातांवर, पाण्यातून एक चपटं डोकं वर आलं. मिशा. दोन काळे डोळे. त्याने मला नीट पाहिलं, साडूंच्या पाठमोऱ्या आकृतीवर क्षणभर विचार केला, आणि बुडी मारली.

माझा आवाज फुटेपर्यंत साडू वळले होते. पाण्यावर फक्त बुडबुड्यांची माळ, उजवीकडच्या लव्हाळ्यांकडे सरकत चाललेली.

"होतं?" ते म्हणाले.

"होतं."

"शपथ?"

"साडूभाऊ, अकरा वर्षं चेष्टा केलेला माणूस कशाला खोटं बोलेल? लिहा. मी सही करतो."

त्यांनी वही उघडली, पेन काढलं, आणि थांबले. "मी नाही पाहिलं."

"नियम तुमचाच आहे. मोडा की!"

"माझा आहे म्हणूनच पंचाईत आहे."

मग त्यांनी तारीख घातली आणि लिहिलं: 'बुडबुडे. एक माळ, डावीकडून उजवीकडे. दोघांनी पाहिले.' आम्ही सह्या केल्या. एकशे चौदावा आकडा कोराच ठेवला.

मग त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मी मिशांपर्यंत पोचलो, तोच साडूंच्या खिशातला फोन वाजला. ट्रक आला होता, आणि मेहुणीबाईंचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता.

"त्याला थांबायला सांग," साडू म्हणाले आणि दगडावर मांडी घालून बसले. "अगं, भाऊजींना दिसलंय! सांगताहेत, अजून मिशांपर्यंतच आलेत. शेपूट राहिलंय."