खाडीतली परकी कालवं

संगणकाच्या पडद्यावर उमटलेलं नाव ताईने पुन्हा पुन्हा वाचलं.

कालवांचे डीएनए तपासण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. कालव दिसायला भारी फसवं. ज्या दगडावर वाढेल तसा शिंपल्याचा आकार. एकाच जातीची दोन कालवं एकमेकांना अनोळखी वाटावीत आणि दोन वेगळ्या जातींची अगदी सख्खी भावंडं. म्हणून शिंपला उघडायचा, आतल्या मांसाचा कणभर तुकडा कापायचा, त्यातला डीएनए काढून माहीत असलेल्या जातींशी ताडून बघायचा. सध्या किनाऱ्यावरच्या सगळ्या खाड्यांची अशी पाहणी चालू होती. आजचे नमुने तिच्या धाकट्या बहिणीने पाठवलेले, खाडीत बांबू रोवून, त्यांना जाळ्या टांगून ती कालवं वाढवायची त्या मांडवावरचे. ते निघाले परके.

ही जात दूरच्या समुद्रातली. झपाट्याने वाढणारी. जिथे सुटली तिथे तिने मूळच्या कालवांच्या उरावर बसून त्यांना संपवलं होतं. ती खडकांवर पसरलेली सापडली, की अख्खी खाडी बंद करून खरवडायची, असा नियम होता. त्या खाडीवर धाकटीचं घर चालत होतं, शेजारपाजारच्यांचीही.

‘माझाच काहीतरी घोळ झाला असणार,’ असं म्हणत ताईने नवे हातमोजे चढवले, नव्या नळ्या घेतल्या, पुन्हा तुकडे कापले. तेवढ्यात धाकटीचा फोन.

“बघितलीस ना माझी कालवं? कसली गुबगुबीत झालीत! यंदा सगळ्यांचे डोळे दिपणार बघ.”

“अजून मशीनमध्येच आहेत गं,” ताईने थाप मारली आणि घाईघाईने फोन ठेवला.

दुसऱ्यांदाही तेच नाव आलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. “पिल्लं मांडवाबाहेर गेलीत का, ते आधी बघा. त्यावर सगळं आहे.”

सकाळच्या पहिल्या बसने ताई खाडीवर पोचली. धाकटी हसतच सामोरी आली, पण ताईचा चेहरा बघून जागीच थबकली.

“आई बरी आहे ना?”

“आई ठणठणीत आहे. तुझी कालवं आपली नाहीत. वाढवायला पिल्लांचं बी कुठून आणलंत?”

“ह्यांच्या मित्राने दिलं. आपलीच जात आहे, फक्त लवकर वाढते म्हणाला.” धाकटीने तोंडावर हात ठेवला. “ताई, आता काय होईल?”

ताईने मांडवावरचं एक कालव उघडलं. आत दुधासारखा पांढरा रस गच्च भरलेला. अंडी सोडायला टेकलं होतं ते. एखाद्याने आधीच सोडली असतील तर?

ओहोटी लागल्याबरोबर दोघी खडकांवर उतरल्या. नखाएवढी पिल्लं जिकडेतिकडे चिकटली होती, दरवर्षीसारखीच. त्यातलं आपलं कुठलं नि परकं कुठलं, डोळ्यांना कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक पिल्लू सुरीने सोडवताना ताईला वाटे, हेच असेल. होडीतून जाणाऱ्या शेजाऱ्याने हाक मारली, “काय शोधताय गं बहिणी बहिणी?”

“काही नाही काका, ताईला शिंपले हवेत,” धाकटी ओरडली खरी, पण तिचा आवाज चिरकला.

शेजारी लांब गेल्यावर ती हळूच म्हणाली, “हे नमुने वाटेत हरवले, असं नाही का सांगता येणार तुला?”

ताईच्या मनात बसमध्ये नेमकं तेच येऊन गेलं होतं. “सांगता येईल. पण पिल्लं त्याने थांबायची नाहीत, वेडे. उद्या काकांच्या मांडवावर चढतील. मग त्यांना काय तोंड दाखवशील?”

धाकटी हट्टाने तिच्याबरोबर प्रयोगशाळेत आली. आत सोडत नाहीत म्हणून बाहेरच्या बाकावर अंग चोरून बसली.

निकाल एकेक करून येऊ लागले. आपली. आपली. आपली. आणि मग एकाची ओळखच पटेना. तो नमुना मांडवाला अगदी खेटून असलेल्या दगडावरचा होता. ताईने उरलेला कण पुन्हा मशीनला लावला.

आपलीच जात. डीएनए पहिल्या वेळी कमी पडला होता, एवढंच.

ती बाहेर बाकापाशी आली. “खडकांवर नाहीत,” एवढंच बोलली. धाकटी तिच्या गळ्यात पडून हमसून रडली.

साहेबांनी त्याच दिवशी वर कळवलं. खाडी वाचली, पण मांडव गेला. अंडी सुटायच्या आत सगळ्या जाळ्या किनाऱ्यावर ओढून खोल खड्ड्यात चुन्याखाली पुराव्या लागल्या. धाकटीचा नवरा मान खाली घालून खणत होता. शेजारी आपणहून मदतीला आले, काहीजण पुटपुटलेही. गुबगुबीत कालवं ओंजळीने खड्ड्यात टाकताना धाकटीने एकदाही ताईकडे बघितलं नाही.

खड्डा बुजवून झाल्यावर मात्र ती जवळ आली.

“एखादं नजरेतून निसटलं असेल, तर?”

“असू शकतं. पुढच्या हंगामात पुन्हा तपासायचं.”

“मला बोलाव. खडकांवरची पिल्लं मी काढून देईन.” तिने चुन्याने पांढरे झालेले हात पदराला पुसले. “नुसतं फोनची वाट बघत बसणं माझ्याच्याने व्हायचं नाही.”