तिसरीच्या वर्गातला डबा

बाईंनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा कापडी पिशवीत घातला, पिशवीच्या बंदांची गाठ मारली आणि वर्गावरून नजर फिरवली. सगळ्या माना वह्यांत खाली होत्या. एक तेवढी वर होती.

"मुंगी, इकडे ये गं."

मुंगीला खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. आठ वर्षांची, वर्गात सगळ्यात लहान चणीची आणि सदा काहीतरी वाहून नेणारी. खडू संपले की ती उठायची, डस्टर झटकायचं असलं की ते तिच्याच हातात असायचं. दुसऱ्या वर्गात निरोप पाठवायचा तर तिच्यासारखं माणूस नाही. निरोप देताना बाईंना मध्येच शिंक आली असली तर ती शिंकही पोचवायची.

"ही पिशवी मोठ्या बाईंच्या खोलीत देऊन ये," बाई हळूच म्हणाल्या. "हलवू नकोस फार."

मुंगीने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली. आत कागद सरकल्याचा आवाज झाला, तशी ती थांबली आणि तिने बाईंकडे पाहिलं. बाई फळ्याकडे वळून तारीख लिहीत होत्या. तारीख सकाळीच लिहून झाली होती.

डबा बाईंचाच. आठवड्यातून एकदा मूल्यशिक्षणाचा तास असे आणि त्यात मुलं 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य सुवाच्य अक्षरात पाच वेळा लिहीत, तेही शेजाऱ्याच्या वहीत डोकावून. बाईंना आधी हसू यायचं, मग हसू येईनासं झालं. एक दिवस त्या घरून रिकामा डबा घेऊन आल्या, झाकणाला कात्रीने फट पाडली आणि कडेने चिकटपट्टी लावली. आपलं काही चुकलं असेल तर कागदावर लिहायचं, नाव घालायचं नाही, डब्यात टाकायचं. शनिवारी बाई एकट्या बसून वाचणार, सोमवारी त्यातल्या एखाद्या गोष्टीवर, कोणाची ते न सांगता, वर्गात बोलणार आणि चिठ्ठ्या फाडून टाकणार. शिक्षा नाही. घरी निरोप नाही. आणि बाईंच्या हातून डबा दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार नाही.

हे शेवटचं कलम वकिलाने घालून घेतलं होतं. वकील म्हणजे खिडकीजवळचा एक मुलगा, ज्याला कुठलाही नियम उलटा करून त्याची मागची बाजू बघितल्याशिवाय चैन पडत नसे.

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?" त्याने विचारलं होतं.

"तर डबा बंद राहील."

"आणि मेलात तर?"

"तर न उघडता जाळून टाका."

वकिलाचं समाधान झालं होतं.

पहिला महिनाभर चिठ्ठ्यांमध्ये नुसती गंमत होती. मग हळूहळू खरं यायला लागलं. कोणी शेजारणीचं रबर घेतलं होतं, कोणी आजीला ऐकू येत नाही म्हणून तिच्या तोंडावर वाईट शब्द बोललं होतं. तिसऱ्या महिन्यात चिठ्ठ्यांबरोबर वस्तू निघू लागल्या, फटीतून जातील तेवढ्याच: रबराचा तुकडा, एक बटण, कोणाच्या तरी पेन्सिलचं टोपण. बाई त्या टेबलावर मांडून ठेवायच्या आणि मधल्या सुट्टीत त्या ज्याच्या त्याच्याकडे गेलेल्या असायच्या. पंधरा वर्षांच्या नोकरीत एवढं समाधान त्यांना कुठल्याही निकालाने दिलं नव्हतं. पण हे त्या कोणाला सांगत नसत. फक्त मोठ्या बाईंना तेवढं सांगितलं होतं.

मोठ्या बाईंना सांगायचं नाही तर कोणाला? नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्ग आवरेना म्हणून बाई व्हरांड्यात उभ्या राहून रडत होत्या, तेव्हा मोठ्या बाईंनीच त्यांना आठवडाभर मागच्या बाकावर बसवून स्वतः वर्ग घेतला होता आणि पुढे कधी कोणापाशी त्याचा उल्लेख केला नव्हता. त्या माणसाने काही मागितलं की नाही म्हणणं बाईंच्या जिभेला वळत नसे. आज सकाळी त्यांनी डबा मागितला. दुपारी पालकसभा होती, संस्थेचे दोन पाहुणे यायचे होते. डबा नुसता टेबलावर ठेवायचा, एवढंच. बाई आठवड्याच्या चिठ्ठ्या काढून देते म्हणाल्या, तर मोठ्या बाई हसल्या. "अगं, रिकामा डबा काय दाखवायचा? वजन असू दे जरा. मी उघडणार आहे का?"

सभेत मुलं पुढे सतरंज्यांवर आणि पालक मागे खुर्च्यांवर बसले होते. मोठ्या बाई शाळेबद्दल बोलल्या, नवीन नळांबद्दल बोलल्या, आणि मग त्यांनी डब्यावर हात ठेवला. पाहुण्यांपैकी एकाने काहीतरी विचारलं. मोठ्या बाई त्याच्याकडे बघून हसल्या, नखाने चिकटपट्टीचं टोक उचललं आणि ती झाकणाभोवती सावकाश सोलत नेली.

भिंतीशी उभ्या असलेल्या बाई एक पाऊल पुढे आल्या. तेवढंच.

"नाव नाहीये हं कोणाचं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. कोणी आजोबांची कवळी घालून बघितली होती. सभागृह हसलं. कोणी आईच्या फोनवरून शिक्षकांना 'आज ताप आहे' असा निरोप पाठवला होता आणि तापाचा काना गाळला होता. सभागृह आणखी हसलं, पाहुणे मांडीवर हात मारून हसले. मोठ्या बाईंना वाचण्याची कला होतीच. त्यांनी तिसरी चिठ्ठी उलगडली. ती चौकोनी घडीची होती, चार वेळा दुमडलेली.

"माझा भाऊ आजारी आहे म्हणून आई कामावर जात नाही. मी त्याचं औषध कुंडीत ओतते. तो बरा झाला की ती परत जाईल."

हसण्यासाठी उघडलेली काही तोंडं तशीच राहिली. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांमधून एक लहान मूल खोकलं, आणि एक एक करत माना तिकडे वळल्या.

मुंगीची आई शिलाईच्या कारखान्यात होती. तीन आठवडे ती रजेवर आहे, पोराचा खोकला हटत नाही, डॉक्टर बदलून झाला, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. ती कोणाकडे बघत नव्हती. तिने मांडीवरच्या मुलाच्या छातीवर तळहात ठेवला होता आणि तो ती उचलत नव्हती. सतरंजीवर मुंगीने गुडघे पोटाशी घेतले. ती आधीच लहान होती. आता ती जवळजवळ दिसेनाशी झाली. मोठ्या बाईंनी चिठ्ठी खाली ठेवली, "मुलांची मनं किती निर्मळ असतात," असं काहीतरी म्हणाल्या आणि चौथीला हात न लावता चहाची वेळ जाहीर केली.

सभा संपल्यावर बाई त्यांच्या खोलीत गेल्या. काय काय बोलायचं ते जिन्यावर ठरलं होतं, दारात निम्मं उरलं. मोठ्या बाई खुर्चीत बसून चपला काढून पाय चोळत होत्या. त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण पाहुणे खूश होते, प्रत्येक वर्गात असा डबा ठेवा म्हणाले होते, बाईंचं नाव विचारून गेले होते.

"नाव कुठे घेतलं मी त्या पोरीचं?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"तुम्ही उघडणार नव्हता."

"नव्हतेच. ते विचारायला लागले, आत खरंच काही असतं का म्हणून. आता तुझ्याच डब्याची लाज राखायला..." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "आजवर तुझं वाईट केलंय का मी कधी?"

नव्हतं केलं. बाईंनी टेबलावरचा डबा उचलला, चिकटपट्टीचा गोळा उचलला आणि त्या बाहेर आल्या. चिडावं तर ज्या माणसावर चिडायचं त्याच माणसाकडून त्या रागावायला शिकल्या होत्या. वर्गावर कसं, किती, कुठे थांबायचं, सगळं.

रविवारी भांडी पुसताना त्यांनी वाक्य तयार केलं. डबा मी दिला. माझं चुकलं. दोन छोटी वाक्यं, तिसरीच्या मुलांनाही लिहिता येतील अशी. त्यांनी ती ताटं पुसता पुसता बऱ्याच वेळा म्हणून पाहिली, शेवटी नवऱ्याने आतून विचारलं, कोणाला कसला डबा दिला म्हणून.

सोमवारी मुंगी आली नाही. मंगळवारीही नाही. डबा नेहमीच्या उघड्या कपाटात होता, नवी चिकटपट्टी लावलेला, आणि त्याकडे कोणी बघतही नव्हतं. मूल्यशिक्षणाच्या तासाला बाईंनी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का. कोणाला काही बोलायचं नव्हतं. सगळी मुलं शहाण्यासारखी हाताची घडी घालून बसली होती आणि बाईंना वाटलं, इतका शिस्तीचा वर्ग आपण आयुष्यात पाहिलेला नाही. त्यांनी आपली दोन वाक्यं पुढच्या दिवसावर टाकली. मुंगी असताना बोलू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ते कारण वाईट नव्हतं.

शिपाईमामांकडून कळलं की मुंगीची आई कामावर रुजू झाली. पोराला शेजारच्या काकू सांभाळतात. औषधाची बाटली मुलीच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवलेली असते.

बुधवारी मुंगी आली. केस घट्ट बांधलेले, दप्तर पाठीवर. ती जागेवर बसली आणि तिने वही काढली. तिच्या बाकावरची दुसरी मुलगी थोडी कडेला सरकली. अगदी थोडी.

वकील उभा राहिला.

"बाई, डबा मोठ्या बाईंकडे कसा गेला?"

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. एवढी डोकी, सगळी वर. इतक्या महिन्यांची मेहनत त्या डोळ्यांत होती आणि अजून पुरती गेली नव्हती. मुलांना ऐकायचं होतं की बाईंनी दिला नाही. बाईंना ते इतकं स्वच्छ दिसलं की वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथेच वळलं.

"कपाटाला कुलूप नव्हतं," त्या म्हणाल्या. "कोणीतरी नेला. मला माहीत असतं तर मी नेऊ दिला नसता."

"म्हणजे तुम्ही नाही दिला?"

"नाही."

बोलून झाल्यावर त्यांना पिशवी आठवली. बंदांची गाठ, छातीशी धरलेले दोन हात. त्यांची नजर आपोआप तिसऱ्या बाकाकडे गेली. मुंगीने हात वर केला होता.

निरोप शब्दशः पोचवणारी पोर. आता ती सगळं सांगणार, हे बाईंना कळलं. पण त्यात कुठेतरी, खूप खाली, सुटका झाल्यासारखंही वाटलं. बोल, त्यांच्या मनात आलं. तू तरी बोल.

"बोल," त्या म्हणाल्या.

मुंगी उभी राहिली. "कपाट उघडंच होतं," ती वकिलाकडे बघून म्हणाली. "मी बघितलं. पाणी प्यायला गेले होते तेव्हा. बाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या, त्यांची पाठ होती. त्यांना कळलंच नाही."

"कोण होतं?"

"चेहरा नाही दिसला."

वकिलाने थोडा विचार केला आणि मान डोलावली. साक्षीदार भरवशाचा होता. वर्गात याच्याइतका भरवशाचा दुसरा नव्हता. तो बसला. वर्गभर बाक करकरले, पाय हलले, कोणीतरी कोणाला कोपर मारलं, आणि तो गेल्या तीन दिवसांचा शहाणा वर्ग मोडून पुन्हा पहिल्यासारखा गलका झाला. मधल्या सुट्टीआधीच दोघांनी कपाटाजवळ जाऊन चिठ्ठ्या टाकल्या. एकीने बाईंना सांगितलं की आता कुलूप आणा, माझ्या बाबांकडे एक जास्तीचं आहे.

सुट्टीत वर्ग रिकामा झाला तरी मुंगी टेबलाशी घोटाळत राहिली. हजेरीपट ऑफिसात न्यायचा होता. तो तिने उचलला, कडा सारख्या केल्या.

"आई येणार होती तुम्हाला विचारायला," ती हळूच म्हणाली. "तिलापण मी सांगितलं, बाईंनी नाही दिला म्हणून. आता नाही येणार."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. एखादं काम नीट पार पाडल्यावर असायचा तसा तो चेहरा होता, आणि ती जात नव्हती. नेहमी एक शब्द मिळायचा, तो मिळेपर्यंत ती थांबायची.

बाहेर मैदानावर वकील कोणाला तरी खेळाचे नियम सांगत होता.

"शाब्बास," बाई म्हणाल्या.

मुंगीने हजेरीपट छातीशी धरला आणि ती पळत गेली.