तारीख उलटून नऊ दिवस

दादाचं कामच तारखा बघण्याचं. दुकानं, कचेऱ्या, दवाखाने, जिथे जिथे भिंतीवर आग विझवायचे लाल सिलिंडर टांगलेले असतात, तिथे जायचं, चिठ्ठीवरची तारीख वाचायची आणि ती उलटली असेल तर शेरा मारून मोकळं व्हायचं. "साहेब, चारच दिवस झालेत हो," अशी कुणी गयावया केली की हा म्हणायचा, "आग चार दिवस थांबणार आहे का?" आणि आपण कुणाला कसं गप्प केलं ते घरी जेवताना साग्रसंगीत ऐकवायचा.

तर अशा या माणसाच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क बसली, तीही वॉरंटी संपून नऊ दिवस झाल्यावर.

"माहिती परत काढून देणाऱ्या लॅबकडूनही डिस्क परत आली," दुरुस्तीच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या. "आतल्या तबकडीवर ओरखडे पडलेत. काहीच निघणार नाही."

"अहो, पण नऊच दिवस झालेत! एवढं समजून घ्यायला काय हरकत आहे कंपनीला?" दादाचा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरचा माणूस हातातलं काम थांबवून बघायला लागला.

"वॉरंटीत असती तरी फक्त नवी कोरी डिस्क मिळाली असती. आतलं ज्याचं त्यानेच सांभाळायचं असतं." बाईंनी डिस्क पाकिटात घातली. "आधी काही सूचना नव्हती आली?"

आली होती. तीन आठवडे रोज सकाळी येत होती. डिस्क निकामी होऊ शकते, फाइलींची प्रत काढून ठेवा. आणि हा रोज 'नंतर आठवण करा' दाबून चहाला उठत होता.

"छे, काहीच नाही," दादा म्हणाला.

त्या डिस्कमध्ये बाबांचा आवाज होता. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून धाकट्या बहिणीने तीन संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून सगळं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. मग दादा मध्ये पडला. फोन काय, हरवतो, पाण्यात पडतो, माझ्याकडे दे. त्याने फाइली लॅपटॉपवर घेतल्या आणि तिच्या फोनवरून स्वतःच्या हाताने पुसून टाकल्या. का, तर त्याच्या कचेरीत नियम होता: नोंद एकाच ठिकाणी, म्हणजे घोळ नाही. शहाणपणा कुठे पाजळावा याला काही सुमार असतो.

दुकानाच्या पायऱ्या उतरतो तोच धाकटीचा फोन.

"मिळालं का रे दादा?"

"नाही गं. कंपनीने हात वर केले. नऊ दिवसांवरून!"

तिने कंपनीचा पार उद्धार केला. मग रडत म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. तू तरी काय करणार?"

याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंडातून खरं काही निघेना.

बाबा बाल्कनीत शर्टाला बटण लावत बसले होते. त्यांच्यासमोर मात्र दादाला खोटं रेटता आलं नाही. काहीही सांगितलं तरी ते उलटून एक शब्द बोलू शकणार नव्हते, आणि याचीच त्याला भयंकर लाज वाटली. त्याने सगळं सांगून टाकलं: रोजची सूचना, धाकटीच्या फोनवरून पुसलेल्या फाइली, कंपनीच्या नावाने मारलेली थाप. सांगताना तो बाबांकडे न बघता बटणाकडे बघत होता.

बाबांनी सुई बाजूला ठेवली, वही ओढली आणि लिहिलं: 'असू दे. मला काय, मी माझा आवाज ऐकलेलाच आहे.'

दादाला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली: 'शेवटची फाइल फक्त तुझ्यासाठी होती. ती ऐकली होतीस ना?'

धाकटीने तेव्हाच सांगितलं होतं, शेवटची तुझी आहे, मलाही बाबांनी बाहेर पाठवलं होतं. निवांत वेळ मिळाला की ऐकू, असं म्हणत दादाने पाच महिने काढले. खरं तर त्याला धीर झाला नव्हता. मान नुसती होकारार्थी हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही ऐकली, बाबा."

बाबांनी पेन उचलून एक ओळ लिहिली आणि खोडली. दुसरी लिहायला घेतली, तीही अर्ध्यावर खोडली. शेवटी त्यांनी वही त्याच्याकडे सरकवली.

'लिहायला जमत नाही रे. त्या दिवशी कसंबसं बोललो होतो.'