दुसरी पुडी

“पहाटंची धार माझी, चरवी भरती फेसानं,
बाई माझी कपिला, उभी राहिली मायेनं...”

धर्मराजच्या बायकोचा, सोनूबाईचा आवाज. तिला जाऊन वर्षं लोटली होती, तरी गोठ्यात शिरताना धर्मराज अजून हळूच पाऊल टाकायचा. ओवी मध्येच तुटू नये म्हणून. आज मात्र दारात पिकअप उभी होती.

त्यानं बादलीत गूळ विरघळवला, व्हिटॅमिनची पुडी सोडली आणि हातानंच ढवळलं. भोकरदनच्या जनावरांच्या डॉक्टरनं दोन पुड्या दिल्या होत्या. एक गाडीत चढवण्याआधी, दुसरी उतरवल्यावर. लांबच्या वाटेनं जनावर भेदरतं, दूध चोरतं. यानं जरा तग धरतं, असं म्हणाला होता. मोरी म्हशीनं बादली हुंगली, तोंड फिरवलं. मग त्याचा गुळचट हात चाटला, आणि चाटता चाटता बादलीही रिकामी केली.

“म्हशीचे काय लाड, मामा! मला कुणी साधा चहा इचारला न्हाई,” गाडीवाला बबलू म्हणाला.

“तू काय दूध देणार हाईस व्हय?”

बबलू हसला. दोघांनी गाडीत कडबा अंथरला, फळी लावली. मोरी चढली, आणि मान वळवून बघत राहिली.

“बसा की मामा माझ्या शेजारी. लेकीकडंच चाल्लीय गाडी.”

“बोलावल्याबिगर जावयाच्या दारात कसं जावं रे?”

बोलावणं आलं नव्हतं असं नाही. मोनाली कितीदा तरी म्हणाली होती, “बाबा, वडीगोद्रीला येऊन राहा.” दर वेळी तो म्हणायचा, “म्हशीला कोण बघंल?” पुढं गुडघे धरले. तेव्हा जावयानं सुचवलं, म्हैस आमच्याकडं पाठवा. त्यानंतर मोनालीनं विचारलंच नाही.

गाडी धावडा गावाच्या वळणाआड गेली. धर्मराजनं गोठा झाडला. झाडायला फार काही नव्हतं, म्हणून पुन्हा झाडला.

दुपारी फोन आला.

“उतरली बाबा नीट. जराशी थरथरून राह्यलीय.”

“आधी पाणी पाज. दाणा लगेच नको. सावलीत हाय ना?”

“लिंबाखाली बांधलीय.”

“अन् ती दुसरी पुडी गं... बबलूजवळ द्यायची राह्यली. माझ्या खिशातच हाय.” तो घाईनं म्हणाला, “आत्ताच्या एसटीनं निघालो तर सांजच्याला घेऊन येतो.”

“एका पुडीसाठी? ह्या गुडघ्यानं? बिलकुल नका येऊ. इथं दुकानात मिळती, यांनी सकाळीच आणून ठेवलीय.”

रिकाम्या दावणीत एक चिमणी उरलेल्या काड्या ओढत होती.

“बाबा? अजून काही सांगायचंय का म्हशीचं?”

“म्हशीचं न्हाई.”

“मंग?”

त्यानं खांबाला पाठ टेकली.

“पुडी राह्यली न्हाई, मोने. मीच ठेवून घेतली.”

त्यानं खिशातली पुडी काढून मुठीत धरली.

“तू परत इचारलंच न्हाई गं. मला हितं एकट्याला करमत न्हाई.”