उरल्यासुरल्या मण्यांचा गोफ

मी एका बाईच्या मनगटावरचा जुना गोफ आहे. तीन पेडांचा, उरल्यासुरल्या मण्यांचा. मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधीच सांगून ठेवतो, मला बिचारा म्हणायचं नाही. माझा रंग उडाला आहे, बटण एकदा बदललं आहे, दोन मण्यांना चीर गेली आहे. पण माझी कीव करायला येणार असाल तर आल्या पावली परत जा.

माझा जन्म केरातून झाला. एक लांबट खोली, तिच्यात एक लांब टेबल आणि टेबलावर खाली ओढलेले दिवे, एवढाच तो कारखाना. समारंभात मिरवायच्या पर्सवर तिथे बायका मणी शिवतात. संध्याकाळी टेबल झाडलं की बशीभर मणी निघतात. कुणाचं भोक बुजलेलं, कुणाचा रंग पुसट, तर कुणी आपल्या घोळक्यातून एकटाच मागे राहिलेला. ते निवडत बसायला कुणाला वेळ नसतो. "न्यायचे तर न्या, नाहीतर टाकून द्या," मालकीणबाई म्हणायच्या. त्या टेबलावर काम करणाऱ्या एका आईने ते पुडीत बांधून घरी नेले, आपल्या लेकीसाठी.

लेक तेव्हा शाळेत जात होती आणि तिच्यापाशी धीर औषधालाही नव्हता. तिने खुर्चीच्या पाठीला तीन दोरे बांधले, सगळे मणी आधीच ओवून टाकले आणि मग वेणी घालायला घेतली. झालं, मणी सगळे एका टोकाला गोळा आणि दोरे उघडेबोडके.

"आधी ओवायचे नाहीत गं," आई म्हणाली. "पेडावर पेड टाकताना एकेक मणी वर घ्यायचा आणि लगेच आवळायचं. उसव."

"परत?"

"परत. मला तो हातात घालायचाय, खिडकीला नाही टांगायचा."

उसवून घेणं मलाही आवडलं नाही, पण त्यामुळेच मी घट्ट झालो. मोठ्या मण्यांतून दोरा पटकन जातो म्हणून लेकीने ते आधी संपवले. मग मधले घेतले, आणि शेवटी चिमटीत न येणारे बारीक, त्यांतलेही सगळ्यांत बारीक अगदी टोकाला. त्यामुळे मी एका बाजूला जाडजूड आणि दुसऱ्या बाजूला निमुळता झालो. कारखान्यात पहिल्याच दिवशी हशा पिकला.

"मावशी, हातात उंदीर धरलाय का? शेपटी दिसतेय त्याची."

"लेकीने केलाय," आई म्हणाली आणि तिने सुई उचलली. हसणाऱ्या हसल्या. मी आपला ताठ बसून राहिलो. जसा आहे तसा आहे, कुणाला विचारून जन्माला आलो नव्हतो.

वर्षं गेली. लेक नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात तिने आईसाठी एक चकचकीत कडं आणलं. "तो जुना काढ आता, बरा नाही दिसत," ती म्हणाली. मला बनवणारीच असं बोलली याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, रागही आला. आईने कडं कपाटात ठेवलं आणि मला हातातच राहू दिलं. का, ते तिने सांगितलं नाही.

कारण असं होतं. आईची नजर अधू झाली होती. टेबलावर बारीक मण्यांच्या तीन वाट्या असतात आणि तिन्हींतला फरक केसाएवढा. एकदा एक पर्स परत आली. एकाच पाकळीत दोन वाट्यांतले मणी मिसळले होते आणि कापडाला चुण्या पडल्या होत्या. ती कुणाची, हे फक्त आईला कळलं. चष्म्याचा नंबर वाढवून झाला होता, याहून अधिक काही होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नजर गेल्याचं बाहेर फुटलं असतं तर काम गेलं असतं, आणि हे काम तिचा जीव की प्राण होतं.

त्या दुपारी तिने वाटीतला मणी बोटांत फिरवला आणि तेच बोट माझ्या शेपटीवरून फिरवलं. हा अगदी टोकाचा. हा त्याच्या अलीकडचा. बोटाला बरोबर कळत होतं. त्यानंतर तिची एकही पर्स परत आली नाही. मला गर्व झाला का? झाला, चांगला पोटभर झाला.

मग कारखान्यात महागाचे मणी आले आणि संध्याकाळच्या मोजणीत ते कमी भरू लागले. मालकीणबाईंनी नवा नियम काढला. हातात मणी घालून कुणी कामाला बसायचं नाही.

"मावशी, तो काढा."

"बटण घट्ट बसलंय," आई म्हणाली. बटण काही घट्ट नव्हतं.

"मग कापते." मालकीणबाईंनी कात्री उचलली आणि तिचं पातं माझ्या पेडाखाली सरकवलं.

आईने दुसरा हात माझ्यावर ठेवला. "थांबा. मला बारीक मणी दिसत नाहीत. याच्यावर बोट लावून मी ते ओळखते."

टेबलावरच्या सगळ्या सुया थांबल्या. मालकीणबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. एवढ्यात माझी एक तरी पर्स परत आली का?"

"आणि उद्या बोटांनीही दगा दिला तर?"

"तर उद्या मीच येऊन सांगेन. आजची पर्स द्या."

पातं अजून माझ्याखालीच होतं. मी भ्यालो नव्हतो असं म्हणणार नाही, पण एक मणीही हलू दिला नाही. मालकीणबाईंनी कात्री काढून घेतली आणि एक कोरी पर्स आईपुढे सरकवली.

घरी आईने लेकीला सगळं सांगितलं. लेक रडली. मग डोळे मिटून तिने जाड टोकापासून शेपटीपर्यंत माझ्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ आईचा हात सोडला नाही.

मित्रांनो, कुणाच्या हातातलं जुनं काही काढून घ्यावंसं वाटलं, तर ते कशासाठी आहे एवढं आधी विचारा. आणि मला जपायचंच असेल, तर त्या कड्याशेजारी कपाटात नेऊन ठेवू नका. मी अजून कामावर आहे.