आधी कोणाचे पाय

२०१३ साली, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, दुखऱ्या-वाकड्या पायांसाठी बूट बनवणाऱ्या त्या कारखान्यातली सगळी मापं जायच्या बेतात होती. मापं घेणाऱ्या काकूंना तो सोमवार अजून तासातासाने आठवतो.

पायांचे लाकडी साचे मालकांनी कधीच भंगारात काढले होते. अकरा वर्षांची मापं कॉम्प्युटरला जोडलेल्या एका छोट्या पेटीत होती, दोन डिस्कवर, हुबेहूब सारखी. एक गेली तर दुसरी सांभाळेल म्हणून. एक गेलीही होती, आणि पेटी ते पीं पीं करून सांगत होती. पण त्या आवाजाने टाका चुकतो म्हणून मुख्य कारागिराने, म्हणजे उस्तादांनी, तिच्या तोंडावर मऊ चामड्याची टोपी बसवली, आत लोकर भरून. काम इतकं सुबक की टोपी पेटीबरोबरच आली असावी असं वाटे. असे नऊ महिने गेले.

काकूंची भाची कॉम्प्युटर दुरुस्त करायची. त्या सोमवारी ती आली आणि तिने टोपी उचलली.

"हे कोणी शिवलं?"

"आवडलं?" उस्ताद म्हणाले.

"हात छान आहे काका. डोकं कुठे गहाण होतं?"

आता दुसरी डिस्कही अडखळत होती. मालक नवी डिस्क घेऊनच उभे होते. "घाल आणि सुरू कर, पोरी."

"नवी घातली की जुनीला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचून दाखवावं लागतं. तिचा जीव आधीच कंठाशी आलाय. मध्येच गेली तर? आधी लागेल ते दुसरीकडे काढून घेऊ. कोणाचं आधी, तेवढं सांगा."

"नवी गिऱ्हाइकं आधी," मालक म्हणाले. "ती परत येणार."

"येणार ना? मग परत मोजीन की," काकू म्हणाल्या. "पोस्टमनचा डावा पाय कुठून आणून मोजू?"

मालकांनी नवी डिस्क टेबलावर ठेवली. पोस्टमनचा डावा पाय त्याच हिवाळ्यात कापावा लागला होता. उजवा लहानपणापासून आखूड, त्यावरून डावा घडवता येत नव्हता. खोटा पाय करणारे जुन्या मापासाठी अडून बसले होते आणि काकूंनी शुक्रवारचा शब्द दिला होता.

काकू स्टूलावर बसल्या आणि वही न उघडता नावं सांगू लागल्या. ज्यांना पुन्हा मोजता येणार नाही अशी एक्केचाळीस माणसं. पहिला पोस्टमन.

त्याचीच फाइल निम्म्यावर थांबली. भाचीने डिस्क बंद करून गार होऊ दिली.

"झालं का?" मालकांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"दूध नाही ते काका, सारखं वाकून बघायला."

अर्ध्या तासाने पुन्हा लावली, तेव्हा फाइल पूर्ण आली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक्केचाळीसही जणांची मापं आली. मग बाकीची काढायला घेतली, आणि चारच्या सुमाराला डिस्कने मान टाकली. सहाशे मापं गेली. काकूंनी ती सगळी फितीने पुन्हा घेतली, पाच महिने लागले. जे येईनात त्यांच्या घरी गेल्या.

पुढे मालकांनी कारखाना पुतणीला दिला. ते आता गुलाब लावतात आणि मापांची एक प्रत घरच्या कपाटात ठेवतात. उस्तादांची नजर गेली, ते लेकीकडे असतात. भाचीचं स्वतःचं दुकान झालं. काकूंनी आणखी सहा वर्षं मापं घेतली, मग गुडघे बोलायला लागले. पोस्टमनला टपाल वाटायचं काम परत मिळालं नाही, खिडकीवर बसवलं. पण घरून तिथवर तो चालत यायचा, दोन्ही पायांत बूट घालून. गेल्या वर्षी निवृत्त झाला.