खालची बाजू

"तुकडा कुणाला द्यायचा नाही. काढलात की टाकून द्या," थोरला म्हणाला आणि खाटेच्या पायथ्याशी असा आडवा उभा राहिला, जणू समोरच्या बाई आत्ताच सुरी घेऊन आल्या होत्या.

बाईंच्या हातात सुरी कसली, साधी पिशवीही नव्हती. इस्पितळाला जोडलेल्या प्रयोगशाळेत त्या मणक्यांवर संशोधन करत. उद्या धाकट्याच्या कमरेतली, दोन मणक्यांमधली झिजलेली चकती काढायची होती आणि ती त्यांना तपासायला हवी होती. धाकटा पडल्या पडल्या हो म्हणून मोकळाही झाला होता.

"अरे दादा, कंबर माझी, चकती माझी. तुझं काय जातंय?"

थोरल्याचं काय जात होतं ते त्यालाच ठाऊक. दोघा भावांनी जन्मभर लोकांचं घरसामान हलवलं. कपाटं, पलंग, फ्रीज, एकदा तर अख्खा पियानो. जिन्यावरून जड वस्तू न्यायची तर एक वर धरतो, एक खाली, आणि भार बहुतेक खालच्याच्या अंगावर येतो. म्हणून धंद्याची रीत अशी, की दर मजल्याला बाजू बदलायची. एका हिवाळ्यात थोरल्याचा खांदा आखडला. धाकटा हाडापेरानं दांडगा. "मी राहतो खाली," म्हणाला. पुढे खांदा सुटला, हिवाळा सरला. बाजू मात्र पुन्हा बदललीच नाही. धाकटा बोलला नाही आणि थोरल्यानं विषय काढला नाही. आता थोरला साठीला येऊनही ताठ, आणि हा त्याच्याहून लहान असून उताणा पडलेला, डावा पाय बधिर.

झाडाच्या खोडात जशी वर्षं दिसतात, तसे चकतीत जिने दिसणार, असं थोरल्यानं मनाशी धरलं होतं. बाई तो तुकडा भिंगाखाली धरणार आणि कोण कायम खाली होता, कोण वर, सगळं वाचून दाखवणार.

"त्यात वजन दिसतं का?" त्यानं शेवटी विचारलं.

बाईंनी स्टूल ओढलं. "वजन नाही दिसत, काका. चकतीच्या मधोमध लगदा असतो, पाणी धरून ठेवणारा. तिथल्या पेशी तो बनवत असतात. काय बनवायचं त्याचे निरोप पेशीत फिरतात, त्यांना आरएनए म्हणतात. पण काही आरएनए असे, की त्यांच्यावरून काहीच बनत नाही. नॉन-कोडिंग. ते नुसते दुसऱ्या निरोपांना अडवतात, नाहीतर वाट मोकळी करून देतात."

"आमचा मुकादमच की!" धाकटा खाटेवरून म्हणाला. "स्वतः उशीसुद्धा उचलत नाही. नुसता थांब, चल, थांब."

बाई हसल्या. "अगदी तसंच. झिजलेल्या चकतीत हे मुकादम बिघडलेले सापडतात. लगदा बनवणाऱ्यांना थांबवतात, तोडणाऱ्यांना मोकाट सोडतात. मग चकती सुकते."

"कशानं बिघडतात?" थोरल्यानं विचारलं.

"वयानं. काहींच्या घराण्यातच असतं. वजनाचाही हात असतो. पण कुणाचा किती, ते एका तुकड्यावरून नाही कळत."

"म्हणजे मी खाली असतो, तर—"

"सांगता येत नाही, काका."

"एवढं शिकून?"

"म्हणून तर मागतेय."

बाई हो म्हणाल्या असत्या तर त्यानं मान खाली घातली असती. नाही म्हणाल्या असत्या तर त्या दिवशी तो पोटभर जेवला असता. बाईंच्या उत्तरानं दोन्ही दारं बंद झाली.

"एवढ्यासाठी अडून बसलास होय?" धाकटा डोळे मिटून म्हणाला. "मला काय कळत नव्हतं, बाजू बदलायची राहिलीय ते?"

"मग बोलला का नाहीस?"

"तोंडावर कपाट असताना काय बोलणार!" तो हसायला गेला, पण कळ आली तसा मध्येच थांबला.

थोरला हसला नाही. खाटेच्या पायथ्यापासून बाजूला झाला आणि बाईंना म्हणाला, "न्या तो तुकडा."

शस्त्रक्रिया नीट झाली. पाय हळूहळू जागा होईल, डॉक्टर म्हणाले. वजन मात्र यापुढे उचलायचं नाही, कधीच. धाकटा "बरं" म्हणाला.

संध्याकाळी सिस्टर त्याला कुशीवर वळवायला आली. मदतीला कुणी मोकळं नव्हतं, तेव्हा थोरला उठला. खांदा आणि कंबर एकदमच वळली पाहिजे, मध्ये पीळ पडता कामा नये, तिनं बजावलं. थोरल्यानं बाह्या सारल्या. एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे घातला आणि भावाला अलगद, एका रेषेत वळवलं. इतकी वर्षं बरोबर राबूनही धाकट्याच्या अंगाचं वजन त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

"पाठीला लावायला उशी आणते. तोवर असंच धरा," सिस्टर म्हणाली आणि गेली. वाटेत तिला दुसऱ्या खाटेवरून हाक आली.

"सोड रे दादा," धाकटा भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "दमशील."

"तू गप पड," थोरला म्हणाला आणि पाय रोवून उभा राहिला.